तराजूकाका शेगडी घासतात

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकूंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा तराजूकाका समोरच्या स्टुलावर केस चापून, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून बसले होते. बायकोला इतक्या दिवसांनी नवरा धड दिसणार, तर तो जरा बरा दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू. पण काकूंनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावरून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या पंख्यावर केवढी धूळ साचलीय."

डॉक्टर हसले. "ऑपरेशन उत्तम झालंय. याहून वेगळा पुरावा नको."

तराजूकाकांनी डॉक्टरांना हात जोडले, मग नर्सना जोडले, मग बाहेर फरशी पुसणाऱ्या बाईंनाही जोडले. मोतीबिंदू म्हणजे हल्ली काही विशेष नाही, असं सगळे सांगत होते. पण ज्याच्या बायकोचा डोळा असतो त्याला ते विशेषच असतं. डावा डोळा महिन्याभराने करायचा होता. सध्या शनिवारपर्यंत काकूंनी दवाखान्याजवळ, थोरल्या बहिणीकडे राहावं, शनिवारी एकदा दाखवून घरी जावं, आणि धूर, वाफ, आच यांपासून लांब राहावं, असं ठरलं.

बहिणीच्या घरी पोचेपर्यंत काकूंनी रिक्षातून सगळं शहर तपासलं. पाट्या वाचल्या. दुकानांच्या काचांवरचे डाग दाखवले. शेवटी नवऱ्याची पाळी आली. "कॉलर केवढी मळलीय तुमची," त्या मायेने म्हणाल्या. आणि निरोप घेताना म्हणाल्या, "शनिवारी घरी आले ना, की आधी माझं स्वयंपाकघर डोळे भरून बघणार आहे."

"बघ की," तराजूकाका म्हणाले, आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

इथे थोडा खुलासा करायला हवा. तराजूकाका वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झाले होते. म्हणून सगळी इमारत त्यांना तराजूकाका म्हणायची. काकूंची नजर अधू होत गेली तसं रोज संध्याकाळी शेगडी पुसायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. काकू आतल्या खोलीतून विचारायच्या, "शेगडी पुसलीत?" आणि काका म्हणायचे, "आरशासारखी." यात खोटं बोलायचा हेतू नव्हता. वजनमापे खात्यात एक मोठी दिलदार तरतूद असते. कुठलंच माप तंतोतंत नसतं हे कायद्यालाही कळतं, म्हणून थोडीशी चूक माफ असते. ही तरतूद काका नकळत घरी घेऊन आले होते. बर्नरभोवतीची कडा, बटणांमागची फट, पायांजवळचे कोपरे, हे सगळं त्यांच्या लेखी माफ असलेल्या चुकीत मोडायचं. त्या माफ चुकीवर रोज नवी माफ चूक चढत गेली.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा लावला, विजेरी घेतली आणि खात्याच्या रिवाजाप्रमाणे शेगडीची अचानक तपासणी केली. निष्कर्ष गंभीर होता. काही ठिकाणी शेगडी कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो हे ठरवता येत नव्हतं. उतू गेलेल्या दुधाचे थर होते, तेलाचे ओघळ होते, आणि एका कोपऱ्यात एक भाताचं शीत असं काही घट्ट बसलं होतं, जणू कारखान्यातूनच तसं आलं असावं. काकूंची गोष्ट वेगळी होती. त्यांना दिसत होतं तेव्हा त्या शेगडीत तोंड बघून टिकली सारखी करायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या दुमडून काका कामाला लागले. साबण झाला, घासणी झाली. बराच वेळ घासल्यावर शेगडीच्या मधोमध नाण्याएवढा एक ठिपका लख्ख झाला, आणि तिथेच घोटाळा झाला. तो ठिपका चमकला नसता तर सगळी शेगडी एकाच रंगाची आहे, मुळातच ती तपकिरी आहे, असं कदाचित दडपून सांगता आलं असतं. आता त्या ठिपक्यामुळे उरलेली शेगडी कशी आहे ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

समोरच्या घरात रसायनशास्त्राचे निवृत्त सर राहत. आवाज असा भारदस्त की जिन्यात बोलले तर गच्चीत ऐकू जावं. घासण्याचा आवाज ऐकून ते दारात आले, हात मागे बांधून शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेल म्हणजे काय?"

"तेल म्हणजे तेल," काका म्हणाले.

"चूक." सर आत येऊन बसले. पुढे तेलाची जी काही हकीगत त्यांनी सांगितली तिच्यातून काकांना एवढंच कळलं की तेल घासून जात नाही, त्याचं मन वळवावं लागतं, आणि ते मन धुण्याचा सोडा वळवतो. "सगळे भाग सुटे करा. गरम पाण्यात सोडा घाला. भिजवा. उद्या सकाळी नुसत्या पाण्याने निघेल."

शेगडीचे भाग सुटे करणं हा पुरुषांना शोभणारा भाग आहे असं काकांना वाटलं. त्यांनी बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरली आणि शेगडी उलगडायला सुरुवात केली. उलगडताना सगळं आपल्या जागेवरून कसं सुटलं हे अगदी लक्षात राहतं. हा भ्रम जोडायला बसेपर्यंत टिकतो. बघता बघता कोचापासून दारापर्यंत शेगडी पसरली. एवढीशी शेगडी आत इतकी मोठी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बर्नर बादलीत पडले, सोडा पडला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नर्स ड्यूटीवरून घरी येताना उघड्या दारातून डोकावली. ही मुलगी इमारतीत राहायला आली तेव्हा काकूंना माणसं नुसती सावलीसारखी दिसत. तरी संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालायला ती न चुकता यायची आणि काकू तिला पावलांच्या आवाजावरून ओळखायच्या.

"काका, हे काय मांडलंय?" तिने विचारलं. काकांनी सांगितलं. "सोड्याने कशाला? व्हिनेगर ओता. आमच्या घरी व्हिनेगरनेच करतात." आणि वर जाऊन तिने बाटली आणून दिली.

आता कुणाचंही मन मोडायचं नाही, हा तराजूकाकांचा स्वभाव. एकाने सोडा सांगितला, एकीने व्हिनेगर. पारडी समान ठेवावीत म्हणून त्यांनी सोड्याच्या बादलीत व्हिनेगरची सबंध बाटली उलटी केली.

पुढे काय झालं ते बघायला काकांना वेळ मिळाला नाही. बादली फसफसली. फेस वर आला, बादलीबाहेर आला, वर्तमानपत्रांवरून, शेगडीच्या नळीवरून, कोचाखालून वाट काढत उंबरा ओलांडून बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला आणि तिथे जरासा थांबून जिन्याच्या दिशेने वळला. काका पायपुसणं घेऊन त्याच्या मागे धावले. सर आपल्या दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख होतं. "आम्ल आणि अल्कली," ते म्हणाले. "दोघांनी एकमेकांना संपवलं. आता तुमच्या बादलीत जे आहे त्याने शेगडी राहू द्या, साधा रुमालसुद्धा स्वच्छ निघणार नाही."

खालून सेक्रेटरी वर आले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे कडक माणूस. त्यांनी लावलेल्या सूचनांवर पक्षीसुद्धा बसत नसत. "पॅसेजमध्ये फेस आहे," ते म्हणाले. "कुणाचा?"

"माझा," तराजूकाका म्हणाले. पायपुसणं हातात धरून, ओल्या विजारीत, निवृत्त अधिकाऱ्याने हा शब्द उच्चारणं किती जड जातं ते ज्याचं त्यालाच कळतं.

सेक्रेटरींनी चौकशी केली. काकू शनिवारी येणार, त्यांना दिसायला लागलंय, आणि त्यांच्यासाठी हा खटाटोप चाललाय, हे कळल्यावर त्यांनी ओली विजार, पायपुसणं आणि बादली एकदा पाहून घेतली. मग ते तडक निघून गेले. आता फेसाबद्दल नोटीस येणार असं काकांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात सेक्रेटरी परत आले ते ड्रिल मशीन घेऊन. तिच्या तोंडाला त्यांनी तारेचा गोल ब्रश बसवला होता.

"हाताने घासायचे दिवस गेले," ते म्हणाले आणि शेगडीचा पत्रा समोर ओढून मशीन सुरू केली. सर कानांवर हात ठेवून निघून गेले. जाताना त्यांनी बादलीतलं निरुपयोगी पाणी ओतून नवं गरम पाणी आणि दुप्पट सोडा घालायला सांगितलं, आणि निरीक्षणासाठी म्हणून एक इवलासा पितळी भाग खिशात टाकून नेला. ड्रिलच्या आवाजात काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

डाग निघत होते, यात शंका नाही. सेक्रेटरींच्या हातात जणू रणगाडा होता. डाग गेले, थर गेले, भाताचं ते शीतही गेलं. मशीन थांबली तेव्हा शेगडी पांढरी पडली होती आणि तिच्यावर बारीक बारीक वर्तुळांचं जाळं उमटलं होतं, मांजराने नखं काढून नाच केल्यासारखं. शिवाय बटणांवरही ब्रश फिरला होता. बंद कुठे, मंद कुठे, मोठी कुठे, या खुणा साफ पुसल्या गेल्या होत्या.

"खुणा लागतात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"लागतात बहुतेक," काका म्हणाले. समोरच्याने आपल्यासाठी घाम गाळलेला असताना त्याला याहून जास्त काय बोलणार.

त्या दिवशी काकांच्या घरी चूल पेटायचा प्रश्नच नव्हता. पण दुपारी सेक्रेटरींच्या घरून ताट आलं, चार वाजता सरांनी चहाला हाक मारली, आणि रात्रीच्या जेवणाचा डबा नर्सने दाराच्या कडीला अडकवून ठेवला. कोचाच्या एका टोकाला, पसरलेल्या शेगडीकडे बघत काका जेवले. आजवर आपण या लोकांच्या घरचं मीठ कधी खाल्लं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. गंमत म्हणजे तिन्ही घरचं मीठ बेताचं होतं.

सकाळी बादलीत पाहिलं तर बर्नर कोळशासारखे काळे झाले होते. सरांनी एक उचलून नखाने खरवडला. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "हा ॲल्युमिनियमचा आहे. मी पितळ धरून चाललो होतो. ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मुलांना हे मी दरवर्षी शिकवायचो."

"असू दे हो," काका म्हणाले. "चूक थोडीफार माफ असते."

भांड्यांच्या दुकानात बर्नर दाखवल्यावर दुकानदाराने ते दोन बोटांत धरून सुतकी चेहरा केला. "हा माल येत नाही आता. नवी शेगडीच घ्या. काचेची. नुसतं फडकं मारायचं." काचेची शेगडी झगमगत होती, बोट लावलं तर बोटाला सलाम करील अशी. काकांना क्षणभर मोह झाला. पण काकूंची शेगडी म्हणजे काकूंची. तिला डोळा नवा मिळाला म्हणून शेगडीही परकी द्यायची, हे त्यांच्या मनाला पटेना. दुकानदाराने मग गॅसच्या ऑफिसात विचारून बघायला सांगितलं.

ऑफिसात काउंटरमागे एक बाई बसल्या होत्या. "शेगडी बिघडलीय का?"

"बिघडलेली नाही," काका म्हणाले.

"मग?"

"स्वच्छ केलीय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उघडली कुणी?"

"मी."

"तुम्हाला अधिकार आहे का?"

हा प्रश्न तराजूकाकांनी आयुष्यभर काउंटरच्या दुसऱ्या बाजूने विचारला होता, आणि तो ऐकल्यावर दुकानदारांचे चेहरे का पडायचे ते आज त्यांना उमगलं. उत्तर नसतंच मुळी त्या प्रश्नाला. त्यांनी मान हलवली, ती हो आणि नाही यांच्या बरोबर मधे.

"कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"मंडळींच्या."

"मग त्यांना पाठवा. तक्रार ग्राहकानेच करायची असते."

काकांनी सगळी हकीगत सांगितली. डोळ्याचं ऑपरेशन, शनिवार, शेगडीत बघून लावलेली टिकली. रांगेतले मागचे लोकही ऐकू लागले. एका म्हातारबुवांनी तर पुढे होऊन, "तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्या हो," म्हणून मागितला. बाई थोड्या विरघळल्या. नियम मोडता येणार नाही, पण ग्राहकाने फोनवर तक्रार सांगितली तरी चालेल, असं त्या म्हणाल्या.

काकांचा जीव टांगणीला लागला. काकूंना कळू द्यायचं नाही आणि तक्रार तर काकूंनीच करायची, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. पण दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी मेहुणीकडे फोन लावला. "गॅसच्या ऑफिसातून बाई बोलतील, त्या विचारतील त्याला फक्त हो म्हण," एवढं काकूंना घाईघाईने सांगितलं आणि फोन काउंटरवर ठेवला. बाईंनी आवाज मोठा केला.

"नमस्कार. ग्राहक आपणच ना?"

"हो, मीच."

"आपल्या शेगडीबद्दल काय तक्रार आहे?"

काका काउंटरवर वाकून ओठांनीच 'बर्नर, बर्नर' म्हणत होते, जे फोनमधून दिसायची सोय नव्हती.

"तक्रार?" काकू म्हणाल्या. "माझी काही तक्रार नाही. मला दिसेनासं झालं तेव्हापासून आमचे हेच बघतात सगळं. रोज पुसतात. त्यांना कधी सांगावं लागलं नाही. मी कशाची तक्रार करू?"

तराजूकाका भिंतीवरच्या सुरक्षिततेच्या सूचना वाचू लागले. अक्षरं जरा ओली दिसत होती.

"का हो, काही झालंय का?" काकूंनी विचारलं.

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी हात जोडले. "काही नाही," बाई म्हणाल्या. "नेहमीची चौकशी. डोळ्याला जपा." फोन ठेवून त्या थोडा वेळ टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ग्राहकाची तक्रार नाही. त्यामुळे तक्रार घेता येत नाही. पण दर ग्राहकाला सुरक्षा तपासणी मागता येते. ती घरातलं कुणीही मागू शकतं. आजवर कुणी मागितली नाही, ही गोष्ट निराळी. उद्या मेकॅनिक पाठवते. त्याच्याकडे जुन्या शेगड्यांचे बर्नर असतात."

शुक्रवारी मेकॅनिक आला. मोठी पिशवी, त्याहून मोठी घाई. दारातूनच म्हणाला, "शेगडी कुठे आहे?"

"तुम्ही तिच्यात उभे आहात," काका म्हणाले.

त्याने पायाखाली पाहिलं, एक पाय उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून तसाच उभा राहिला. मग खाली बसून त्याने पिशवी उलटी केली. त्याच्याकडे बर्नर होते. दोन हुबेहूब आणि एक दूरच्या नात्यातला. जोडाजोड सुरू झाली. मदतीला सगळे जमले. सेक्रेटरी विजेरी धरून होते, सर मागे हात बांधून देखरेख करत होते, आणि नर्सला सुट्टी होती म्हणून ती पत्रा घेऊन बसली होती. वर्तुळं काही जात नव्हती. तेव्हा सेक्रेटरीच खाली मान घालून म्हणाले, "मी गोल गोल फिरवलं तिथे चुकलं. एकाच दिशेने घासलं तर ओरखडे एकमेकांत मिसळतील." मग बारीक पॉलिश पेपर आला, तेलाचा थेंब आला, काकांचा जुना बनियन आला, आणि प्रत्येकाने आळीपाळीने डावीकडून उजवीकडे हात चालवला. हळूहळू पत्र्याचं तोंड उजळायला लागलं. वर्तुळं गेली आणि त्यांच्या जागी सरळ, रेशमासारखी झाक आली.

"जेट कुठाय?" मेकॅनिकने विचारलं. "बारीक पितळी असतं. त्यातून गॅस येतो. दोनच दिसतायत."

कोच हलवला, सतरंजी झटकली, केरसुणीसुद्धा विंचरून पाहिली. सर मात्र शोधता शोधता मधेच थांबले. "ते मी नेलं होतं," ते म्हणाले. "लिंबाच्या रसात ठेवलंय. पेल्यात." मग जरा विचारात पडले. "सकाळी मी लिंबूपाणी घेतलं." सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. सर भराभर घरी गेले आणि पेला घेऊन आले. तळाशी जेट चकचकीत होऊन बसलं होतं. "हा दुसरा पेला," त्यांनी जाहीर केलं, आणि मेकॅनिकने रोखून धरलेला श्वास सोडला.

शेगडी ओट्यावर चढली. मेकॅनिकने नळी पाहिली, साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, सगळं ठीक निघालं. पण बटणांकडे बघून त्याने मान हलवली. "बंद कुठे ते दिसत नाही. खूण नसली तर मी पास करू शकत नाही."

नर्स वर धावत गेली आणि नखं रंगवायची लाल बाटली घेऊन आली. प्रत्येक बटणावर आणि त्याच्या वरच्या पत्र्यावर तिने असा नेटका ठिपका दिला, की ठिपक्यासमोर ठिपका आला की बंद. मेकॅनिक वाकून बघत होता, सर मोठ्याने 'थोडं वर' म्हणत होते, सेक्रेटरी विजेरी धरून होते, आणि तराजूकाका गुडघ्यांवर बसून खाली सांडलेलं तेल पुसत होते. त्याच वेळी दार वाजलं. दार उघडंच होतं. दारात मेहुणी होत्या, आणि त्यांच्यामागे काळा चष्मा लावलेल्या काकू.

"डॉक्टर उद्या गावाला जातायत, म्हणून आजच तपासलं," मेहुणी म्हणाल्या. "उत्तम आहे म्हणाले. म्हटलं, राहायचं कशाला आणखी."

तराजूकाका उठले. हातात बनियन, कपाळाला काजळी. चार दिवस घोकलेलं 'ये, बघ' हे वाक्य म्हणायचंच राहून गेलं.

काकूंनी चष्मा काढला. शेगडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माणसांकडे बघत होत्या. सरांसमोर जाऊन त्या थांबल्या. त्यांना नीट न्याहाळून कितीतरी दिवस झाले होते. "सर ना तुम्ही? किती वाळलात हो. आवाजावरून मला वाटायचं, तसेच धिप्पाड आहात अजून." सर एकदम ताठ झाले. "या काकू," सेक्रेटरी म्हणाले, आणि आवाज ओळखून काकू त्यांच्याकडे वळल्या. ते अलीकडेच इमारतीत येऊन सेक्रेटरी झालेले. काकूंनी त्यांच्या सूचना ऐकल्या होत्या, चेहरा पाहिला नव्हता. त्यांच्या गोल, गुबगुबीत चेहऱ्याकडे बघून काकूंना हसू आलं. "आणि तुम्हाला मी किती घाबरत होते," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींच्या हातातली विजेरी छताकडे वळली.

नर्स बाटली घट्ट धरून एक पाऊल मागे सरली, आणि काकूंनी ते पाऊल ओळखलं. काकूंनी तिच्या जवळ जाऊन तिची हनुवटी वर केली. तिच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढी लहान आहेस होय गं तू. मी आपली तुला बाई समजून किती कामं सांगायचे."

मेकॅनिकने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

तराजूकाकांनी दोनदा खाकरून पाहिलं. मग ओट्यावरचा दिवा लावला. तेव्हा कुठे काकूंनी शेगडीकडे पाहिलं. बघितलं, जवळ गेल्या, परत बघितलं, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"ही कोणाची आणलीत?"

"आपलीच आहे," काका म्हणाले.

"उगाच काहीतरी. माझ्यासाठी कुणाची तरी मागून आणली असणार. ज्यांची आहे त्यांना देऊन या. त्यांचा स्वयंपाक अडला असेल."

तराजूकाकांच्या आयुष्यात मानापमानाचे प्रसंग पुष्कळ आले होते, पण आपल्याच घामाचं फळ परत करून यायला सांगणारा हा पहिलाच. त्यांनी साक्षीदारांकडे पाहिलं. सरांनी भारदस्त आवाजात साक्ष दिली, सेक्रेटरींनी दिली, मेकॅनिकनेही मान डोलावली. काकूंनी डोळे मिटले आणि शेगडीच्या कडेवरून हात फिरवत नेला. डाव्या कोपऱ्यात पत्रा जरा चेपलेला होता, तिथे बोट थांबलं.

"आपलीच की," त्या हळूच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "कोपरे चिकट नाहीत आज."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही कोपरे सोडून पुसायचात. हाताला लागायचं ना."

काकांनी मान खाली घातली. "मग बोलली का नाहीस कधी?"

"पुसत तर होतात," काकू म्हणाल्या. "दिवसभराचं सगळं उरकून रोज पुसत होतात. त्यात मी आणखी काय बोलायचं."

मेकॅनिक खाकरला. शेवटची तपासणी बाकी होती. आचेजवळ जायला काकूंना मनाई होती, म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या आजूबाजूला सगळे दाटीवाटीने. काकांनी लाल ठिपका बाजूला वळवला, लायटर लावला. फुप् असा आवाज झाला आणि ज्योत उभी राहिली. गोल, सारखी, एकसुद्धा पाकळी न तुटलेली.

काकू उंबऱ्यावरूनच पुढे वाकल्या.

"निळी आहे," त्या म्हणाल्या.

"नव्या बर्नरची भोकं मोकळी आहेत ना," मेकॅनिक म्हणाला. "आता निळीच येणार."

"एवढी निळी?" काकूंनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं. मग डावा झाकून उजव्याने. परत तसं केलं. "ह्याने बघितलं तर मातकट दिसते. आणि ह्याने..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. "मला वाटलं होतं, आगच अशी झालीय हल्ली. धुरकट. मी विसरूनच गेले होते हो."

"महिन्याभरात तो पण होईल," नर्स म्हणाली. "मग दोन्हीने दिसेल."

काकूंनी मान डोलावली. "बाकीच्या दोन पण लावा ना."

तराजूकाकांनी उरलेली दोन बटणं वळवली. तीन निळी फुलं ओट्यावर उमलली. वर ना भांडं, ना पाणी. गॅस आपला नुसताच जळत होता. आयुष्यभर गुंजेचाही हिशेब मागणाऱ्या माणसाने बटणाला हात लावला नाही. कडक सेक्रेटरींनी नाही, घाईतल्या मेकॅनिकनेही नाही. काकू दारात उभ्या राहून कधी एक डोळा झाकत होत्या, कधी दुसरा, आणि त्यांचं बघून होईपर्यंत सगळे थांबले.